लाल सरबत खलास

मी दारूला कधी तोंड लावलेलं नाही, पण बहारीनमध्ये एका अख्ख्या पार्टीला मी टकीला पाजली आहे आणि लोकांनी ती मिटक्या मारत प्यायली आहे. ही करामत माझी नाही, कोकमाची.

झालं असं, की त्या वर्षी गणपतीत नवऱ्याच्या साहेबांची मॅडम आमच्या माहूजच्या फ्लॅटवर दर्शनाला आली. बाई दिल्लीची, मनाने चांगली, पण बोलणं सगळं हुकमाचं, वर साखर पेरलेली. आरतीनंतर मी तिला कोकम सरबत दिलं. तिने पेला रिकामा केला, पुन्हा भरून घेतला आणि म्हणाली, "भाभी, ये तो बिल्कुल कॉकटेल है!" मी हसले आणि विसरले. ती विसरली नाही. दिवाळीच्या आधी तिचा फोन आला. "हॅलोवीन पे ड्रिंक आप बनाओगी. टकीला डालके. फ्रूटी सा, लाल सा, एकदम खून जैसा." साहेबांच्या बायकोच्या 'बनाओगी'पुढे प्रश्नचिन्ह नसतं, हे इथे पहिल्याच वर्षी कळतं.

एरवी मी काहीतरी निमित्त काढलं असतं. घसा बसला, मुलीचा अभ्यास, काहीही. पण त्या वेळी मी लगेच हो म्हटलं, कारण माझ्या समजुतीप्रमाणे ती आमची इथली शेवटची पार्टी होती. जाता जाता कुणाचं मन कशाला मोडा?

माझी ही समजूत कशी झाली ते सांगते. लग्नाआधी मी कुडाळला लॅब टेक्निशियन होते. रक्त तपासायचे, काचपट्टीवर जंतू शोधायचे, आणि सगळं डॉक्टर बघायच्या आधी मला कळायचं. मग लग्न झालं, बहारीन झालं, मुलगी झाली. इथे मी नवऱ्याच्या व्हिसावर. इथलं ओळखपत्र म्हणजे सीपीआर कार्ड. त्यावर माझा धंदा 'हाऊसवाइफ' असा छापलाय. पहिल्यांदा ते कार्ड हातात आलं तेव्हा मी हसले होते. सतरा वर्षांनी हसू येत नाही. इथल्या फ्लॅटची खिडकी उघडली तर उकाडा आत येतो, म्हणून ती उघडायची नाही. एसी दिवसरात्र घरघरतो आणि आपण काचेच्या आत, पुसलेल्या ओट्यापाशी उभे.

त्या पावसाळ्यात कुडाळच्या माझ्या जुन्या मैत्रिणीने स्वतःची लॅब काढायचं ठरवलं. तिने मला विचारलं. नुसतं विचारलं नाही, म्हणाली, "तुझ्याशिवाय मला कामात हात बसलेली दुसरी कोण मिळणार? पण भाऊबीजेपर्यंत नक्की सांग. मग मला दुसरी बघायला हवी." मी नवऱ्याशी बोलले. गणपतीसमोर बसूनच बोलले. मुलगी दहावीला होती, तिची परीक्षा मार्चमध्ये संपणार होती, नवऱ्याचं कॉन्ट्रॅक्टही तेव्हाच संपणार होतं. सगळं कसं जुळून आलं होतं. तो म्हणाला, साहेबांशी बोलतो.

आम्ही दोघंही सिंधुदुर्गातले, त्यामुळे घरात मालवणी. दिवाळीच्या आदल्या आठवड्यात तो ऑफिसातून आला, बूट काढत होता, तेव्हा मी दारातच विचारलं.

"बोल्लात काय साहेबांकडे?"

"बोललंय," तो म्हणाला. "खलास."

आणि आंघोळीला गेला. मी तिथेच भिंतीला टेकून उभी राहिले आणि मला रडूच आलं, आनंदाने. खलास. संपलं. नोकरी सोडली. मैत्रिणीला लगेच फोन करावासा वाटला, पण म्हटलं, एवढी चांगली बातमी पाडव्याच्या मुहूर्तावर द्यावी. तोवर मी तांदळाची मोठी गोणी आणणं बंद केलं, मुलीची लहानपणीची सायकल खालच्या मजल्यावर देऊन टाकली आणि मुलीला सांगितलं, तू आता अकरावी कुडाळला करणार. ती म्हणाली, "ओके, बट आय वॉन्ट माय ओन रूम." मुलीला मराठी सगळं कळतं, फक्त ती उत्तर इंग्रजीत देते. मी म्हटलं, देऊ.

त्या वर्षी हॅलोवीन आणि नरक चतुर्दशी एकाच दिवशी आली. आमच्याकडे या दिवसाला चावदीस म्हणतात. पहाटे उटणं लावून आंघोळ, तुळशीपुढे डाव्या पायाच्या अंगठ्याने कारीट फोडायचं, त्याचा कडू रस जिभेला लावायचा, आणि मग पोह्यांचे प्रकार. इथे कारीट कुठलं मिळायला? कोल्ड स्टोअरमधून, म्हणजे आमच्या इमारतीखालच्या वाण्याकडून, मी दरवर्षी लिंबं आणते. बाल्कनीतल्या कुंडीपुढे एक लिंबू नरकासुर म्हणून फोडलं, बाकीची पिशवी साहेबांच्या पार्टीला ठेवली. पुढच्या वर्षी खरं कारीट फोडू, असं मी नवऱ्याला म्हटलं. तो पोहे खात होता. मान हलवली. कशी हलवली, ते आता आठवून बघते, पण तेव्हा माझं लक्ष कढईत होतं.

दुपारी स्वयंपाकघरात मी बार मांडला. डाळिंबं चमच्याने ठोकून सोलली, संत्र्यांचा रस काढला, लिंबं पिळली. मग गावाहून टॉवेलात गुंडाळून आणलेली आगळाची बाटली. आगळ म्हणजे कोकमाचा मीठ घातलेला अर्क. मोबाइलवर बघितलं तर या टकीलाच्या प्रकाराला मीठ लागतंच, मग म्हटलं, आपलं आगळ काय वाईट? पेल्याच्या कडेला लावायला मी तिखटमीठ केलं, पेरूच्या फोडीला लावतो ना, तेच. मुलीने डब्यातल्या लिच्यांमध्ये काळी द्राक्षं खुपसून डोळे केले. खरंच भयंकर दिसत होते.

टकीला नवऱ्याने आणून ठेवली होती. बूच काढलं आणि वास आला, तसा माझा हात थांबला. चव मला माहीत नव्हती, पण वास ओळखीचा होता. स्पिरिटचा. लॅबमध्ये सकाळी पहिलं काम म्हणजे स्पिरिटने टेबल पुसायचं. मी मापाचं भांडं ओट्यावर ठेवलं, वाकून डोळा बरोबर रेषेच्या पातळीला आणला आणि थेंब कमी नाही, थेंब जास्त नाही, असं माप घेतलं. विसरले नव्हते मी. सतरा वर्षं डाळ-तांदूळ मापत होते, तरी विसरले नव्हते. मी इतकी खूश होते, की नवऱ्याने आत येऊन "येवढा हसतंस कित्याक?" असं विचारलं. मी म्हटलं, "उगाच."

जनाबियाला साहेबांचा व्हिला आहे, मोठ्या कंपाऊंडमध्ये. मी सरबताचे दोन जग मांडीवर आणि उरलेलं सामान, मापाचं भांडंसुद्धा, पायाशी सांभाळत गाडीतून गेले. गेटवर प्लॅस्टिकचे सांगाडे टांगले होते, आत हवा भरलेलं भूत डुलत होतं. मुलगी माझी पांढरी साडी गुंडाळून केस मोकळे सोडून हडळ झाली होती. तिला हडळीबद्दल मीच सांगितलं होतं आणि तिथल्या पोरांत तिचा भाव एकदम वधारला. नवऱ्याने काळा शर्ट घातला होता आणि तेवढ्यावर भागवलं होतं. मॅडमने दारातच माझ्या डोक्यावर चेटकिणीची टोकदार टोपी चढवली आणि हनुवटीखाली इलॅस्टिक अडकवलं. मला टेबलामागे उभं केलं. हातात पळी दिली.

सरबत झकास झालं होतं, हे मला लोकांच्या तोंडांवरून कळलं. पहिल्यांदा तिखटमीठ लागलं की डोळे बारीक व्हायचे, मग कोकम, मग हसू. "व्हॉट इज धिस रेड थिंग?" असं सगळे विचारत होते आणि मी कोकम, कोकम असं सांगून सांगून थकले. साहेब आले. त्यांनी एक पेला संपवला, दुसरा हातात घेतला आणि चमचा वाजवून सगळ्यांना गप्प केलं.

"भाभीजी ने तो कमाल कर दिया," ते म्हणाले. "और अच्छी बात ये है, कि ये ड्रिंक हमें तीन साल और मिलेगा. हमारे भाईसाहब ने पिछले हफ्ते नया कॉन्ट्रॅक्ट साइन कर दिया. खलास! अब कहीं नहीं जाने देंगे."

टाळ्या झाल्या. मॅडमने मला मिठी मारली. मी पळी धरून उभी होते आणि माझ्या डोक्यावर ती टोपी होती. मी नवऱ्याकडे बघितलं. तो सांगाड्याकडे बघत होता.

खलास. मराठीत खलास म्हणजे संपलं. इथे खलास म्हणजे झालं, ठरलं, आता बोलायचं नाही. दुकानदार भाव ठरला की खलास म्हणतो, ड्रायव्हर पत्ता समजला की खलास म्हणतो. मीही रोज म्हणते. एवढं असून घराच्या दारात, आमच्या भाषेत, माझ्या माणसाने तो शब्द उच्चारला तेव्हा मी तो आमचाच धरला.

जग घेऊन मी स्वयंपाकघरात गेले. तो मागून आला.

"तुका सांगलेलंय मा," तो हळू आवाजात म्हणाला. "खलास म्हणान."

"खलास म्हटल्यार सोडलात, असाच माका वाटला."

"हय खलास म्हटल्यार ठरला. सगळे तसाच म्हणतत."

"माका काय वाटला, ता तुमका म्हायत होता."

मी गोणी बंद केली तेव्हा तो बघत होता, सायकल त्यानेच उचलून खाली नेली होती. मला इतका संताप आला, की हातातला जग भिंतीवर मारावा असं वाटलं. पण स्वयंपाकघर दुसऱ्याचं, भिंत दुसऱ्याची, आणि पार्टी साहेबांची. शेवटी तो म्हणाला, "चेडवाची बारावी होवंदे. मगे जावया." तेवढ्यात ते चेडूच दारात येऊन उभं राहिलं. पांढरी साडी, मोकळे केस, हातात डोळ्यांची वाटी.

"वी आर नॉट गोइंग?" तिने विचारलं. "बट आय टोल्ड एव्हरीवन. इव्हन माय टीचर."

बापाने तिच्या डोक्यावर हात ठेवला. तिने तो बाजूला केला आणि बाहेर गेली. बाहेरून मॅडमची हाक आली, "भाभी, खतम हो गया, और लाओ ना!" नवरा तोंड पुसून पाहुण्यांत मिसळायला गेला. मी राहिले.

आता निघून जावं, असं फार वाटलं. पण जाणार कुठे? गाडीची किल्ली त्याच्या खिशात. बाहेर कंपाऊंडची भिंत, भिंतीबाहेर हायवे, चालणारं माणूस औषधाला नाही. मी टोपी काढायला गेले तर इलॅस्टिक केसांत गुंतलेलं. तशीच लिंबं कापायला घेतली. नरकासुराने कोंडलेल्या सोळा हजार बायका कृष्णाने याच दिवशी सोडवल्या, असं आजी सांगायची. मग त्यांना घरचे परत घेणार नाहीत म्हणून कृष्णाने सगळ्यांशी लग्न केलं. लहानपणी मला ती गोष्ट फार आवडायची. त्या संध्याकाळी लिंबू पिळताना पहिल्यांदा वाटलं, त्यातल्या एकीला तरी कुणी विचारलं होतं का, बाई, तुला कुठे जायचंय?

मी टकीला मापायला वाकले. डोळा रेषेच्या पातळीला आणला. माप बरोबर आलं. मग बोटं फडक्याला पुसली, तरी चिकट होती. तशीच मोबाइलवर मैत्रिणीला लिहिलं, 'जागा ठेव. मार्चमध्ये येते. मुलीला घेऊन येते.' मुहूर्ताला थांबले नाही. तिचं उत्तर लगेच आलं, नुसते हात जोडलेले.

जग बाहेर नेऊन ठेवला, तो बघता बघता रिकामा झाला. थोड्या वेळाने नवरा पुन्हा आत आला, पेला पुढे करून. समेट करायची त्याची ही पद्धत आहे, काहीतरी मागायचं.

"सरबत रवला काय?"

"खलास."

तो तिथेच घुटमळला. "आणि तिका काय कळवलंस? कुडाळाक?"

"कळवलंय. खलास."

त्याने माझ्याकडे बघितलं, मग ओट्यावरच्या मोबाइलकडे, मग पुन्हा माझ्याकडे. सतरा वर्षांत त्याला माझ्या बोलण्याचा अर्थ कधी विचारावा लागला नव्हता.

"खयचा खलास?" त्याने विचारलं.

"मराठीतला. हयचा माझा संपला," मी म्हटलं, आणि कात्री घेऊन ते इलॅस्टिक कापलं.