बाज बाहेर, एन्थाल्पी आत

हटवार सरांची आणि माझी ओळख माझ्या नापास होण्यातून झाली. बॉयलर चालवण्याच्या प्रमाणपत्राची तोंडी परीक्षा होती. एन्थाल्पी म्हणजे काय, असे विचारल्यावर मी पोपटासारखे सांगितले, वाफेत भरलेली उष्णता. कारखान्यात सगळे हेच म्हणत. मग उष्णताच का म्हणत नाहीत, असे परीक्षकांनी विचारले; मी पुन्हा तेच वाक्य म्हटले आणि नापास झाले. आता एकच संधी उरली होती. ती हुकली असती तर जन्मभर मदतनीसच राहिले असते.

सर आमच्याच कारखान्याच्या पॉवर हाउसमध्ये फोरमन होते, मूळचे भंडाऱ्याकडचे. कारखान्याच्या वसाहतीत, सेक्टर ६ मधल्या त्यांच्या क्वार्टरात एक रिवाज होता. खोली लहान, म्हणून शिकायला येणाऱ्यांनी आधी तिथली बाज, म्हणजे दोरीने विणलेली खाट, व्हरांड्यात न्यायची, मगच बसायचे. सरही आमच्याबरोबर खाली फरशीवर बसत.

पहिल्याच दिवशी त्यांनी स्टोव्हवर पातेल्यात पाणी ठेवले, वर झाकण. थोड्या वेळाने झाकण थडथडू लागले.

"झाकण कावून हालून राहिलं?" त्यांनी विचारले.

वाफ ढकलते, मी म्हणाले.

"मंग? आतली ऊब तं आहेच. पण बाहेरच्या हवेले सरकवून वाफेनं सोतासाठी जागा केली, ते मेहनत कोन मोजन?"

आतली ऊर्जा आणि जागा करण्याची ही मेहनत, या दोहोंची बेरीज म्हणजे एन्थाल्पी. दाब कायम असला की दिलेली उष्णता या बेरजेतच जमा होते, म्हणून तिला उष्णतेचा साठा म्हणायची सवय पडली. शब्दाचे मूळ ग्रीक, अर्थ 'आत ऊब देणे'. एका डच शास्त्रज्ञाने तो सुचवला, असे सर सांगत. नावात आतली ऊब आली, पण बाहेरची मेहनत का राहून गेली, याचे सरांना फार कुतूहल. ते कोडे त्यांना अजून सुटलेले नाही.

दुसऱ्या परीक्षेत मी झाकणाचीच गोष्ट सांगितली आणि पास झाले. पेढे घेऊन गेले तेव्हा सरांच्या पत्नी, आमच्या काकू, हसत म्हणाल्या, "डाक्टरनं यायले पाठीसाठी पडून राहाले सांगितलं होतं. तुमी आले का बाज बाहेर."

महिनाभर ती बाज मीच उचलत होते. मला मेल्याहून मेल्यासारखे झाले. सर मात्र पेढा खात पुढच्या धड्याचे बोलत होते.

आज सर पंचाहत्तर वर्षांचे झाले. निवृत्तीनंतरच्या वैशाली नगरच्या घरातही बाज तीच आहे. सर, निरोगी राहून शंभरी गाठा आणि शिकवत राहा, पण आता बाजेवर पडूनच. आम्ही खाली दाटीने बसू. जागा आम्ही करू.