रिकामी मूठ

सकाळी दालनाचं कुलूप काढलं की शरयूताई दिवा लावण्याआधी अंधारातच विचारायच्या, "काय मामा, झोप झाली?" मामा म्हणजे तेराशे वर्षांपूर्वीच्या, तांग काळातल्या चिनी लोकपालाचा पुतळा. भाजलेल्या मातीचा, अंगावर ओघळलेली हिरवी-पिवळी झिलई, डोळे वटारलेले, पायाखाली तुडवलेला राक्षस. कुणाच्या तरी थडग्याची राखण करायला पुरलेला हा बौद्ध द्वारपाल फिरत फिरत कतारला, अबू हमूरमधल्या एका खासगी संग्रहात आला होता. नाशिकच्या शरयूताई तिथे जुन्या वस्तूंची डागडुजी करायच्या आणि मी फोटो काढायचो.

बाहेर धुळीने ऊन पिवळं पडलेलं असायचं. आत एसीची घरघर, आणि ताईंचा कुंचला इतका सावकाश फिरायचा की मला पेंग यायची. "पायाखालचा बघ," त्या म्हणायच्या. "एवढी वर्षं भार सोसतोय आणि हसतोय मेला!" खरंच हसायचा. अशा वेळी हा कुठला देश, कुठलं शतक, काही कळेनासं व्हायचं.

मामांच्या उगारलेल्या मुठीत आरपार भोक होतं. त्यातलं शस्त्र कधीच नाहीसं झालेलं. संग्रहाच्या मालकांना तिथे सोनेरी भाला हवा होता.

"मॅडम, भाला बना दो. खाली हाथ से किसको डराएगा?"

"हाथ में क्या था, किसीको मालूम नहीं," ताई म्हणाल्या. "झूठी चीज मैं नहीं पकडाऊंगी."

भाला नाही तर नवा करार नाही, हे मालकांनी अगदी गोड शब्दांत सांगितलं. मी म्हटलं, "ताई, लावून टाका ना. या कामाशिवाय राहवेल तुम्हाला?"

"नाही रे राहवणार. पण ज्याची राखण करायची, त्याची कधीच माती झाली. तरी हा उभा आहे. त्याच्या हातात मी खोटं देऊ?"

पाठीची डागडुजी सुरू झाल्यापासून मामा कोपऱ्यात भिंतीकडे तोंड करून असायचे. कराराच्या शेवटच्या दिवशी ताई म्हणाल्या, "दाराकडे वळवू या. राखणदार आहे तो." चाकांचा चौथरा आम्ही दोघांनी हळूहळू फिरवला.

पुढे मालक भाला घेऊन आले आणि दारातच थबकले. समोर ती रिकामी मूठ. भाला खाली टेकवत म्हणाले, "इसने तो रोक दिया मुझे. खलास. ऐसे ही रहने दो." ताईंच्या जागी तोवर दुसरं माणूस आलं होतं.

मी नाशिकला फोन लावला. ताईंनी सगळं ऐकून घेतलं. मग नाक ओढत म्हणाल्या, "आणि पायाखालचा?"

"हसतोय."

"मेला! ऐक, दिवा लावण्याआधी मामांना विचारत जा."

विचारतो.