पिवळीचा शेवटचा रन

सार्जंट उत्तम अहिरे माझ्या हौसेपायी गेला. कोर्ट ऑफ इन्क्वायरीने तसं म्हटलेलं नाही. माझी बायको तसं म्हणत नाही आणि उत्तमची बायको तर अजिबातच म्हणत नाही. मी म्हणतो. रिटायर होऊन आता सातपूरला राहतो. सोसायटीतली माणसं हवाई दलाच्या गोष्टी विचारतात, तेव्हा जेट विमानांचं काहीतरी सांगून वेळ मारून नेतो. ही गोष्ट टाळतो.

सत्तरचं दशक संपता संपता माझी बदली नाशिकबाहेरच्या डेपोत झाली. मी वॉरंट ऑफिसर, ट्रेड इंजिन फिटर. डेपोत लढाऊ जेट विमानं यायची, पार स्क्रूपर्यंत उघडली जायची आणि नवी होऊन बाहेर पडायची. माझं गाव निफाड तालुक्यात, एसटीने तासाभरावर. आसाम-पंजाब करून थकलेल्या माणसाला आणखी काय हवं! आई म्हणाली, "देव पावला." मलाही तसंच वाटलं.

डेपोची शिस्त कडक. सकाळी सातला फॉल-इन, म्हणजे रांगेत हजेरी, मग टूल चेक. प्रत्येक पाना त्याच्या रंगवलेल्या जागी लटकलेला दिसला पाहिजे. एक जरी जागा रिकामी दिसली तरी विमान जागचं हलत नसे. उत्तम माझ्या सेक्शनला होता. सटाण्याकडचा, अंगाने काडी, आवाज मात्र ढोलासारखा. ड्यूटीवर मला "सर" म्हणायचा, हँगरचं दार ओलांडलं की "दादा". रागावला किंवा खूश झाला की अहिराणी सुरू. मी त्याला चिडवायचो, "अरे, सटाण्याचा कांदा परवडला, तुझी भाषा नको." तो म्हणायचा, "तुमनी निफाडनी द्राक्षं आंबट शेत, म्हणून तुमी असे." असं आमचं चालायचं.

हँगरच्या मागे गवतात एक जुनं ट्रेनर विमान पडलं होतं. पिवळा रंग, पुढे गोल नऊ सिलिंडरचं पिस्टन इंजिन, दोन पात्यांचा पंखा. आम्ही तिला पिवळी म्हणायचो. अशाच विमानावर मी पोरवयात इंजिन शिकलो होतो. जेटचं इंजिन शिट्टी मारतं. हे इंजिन खोकतं, धूर सोडतं, थरथरतं आणि मग एकदा लय सापडली की छातीत वाजतं. तो आवाज वीस वर्षं कानावर पडला नव्हता.

ऐंशीनंतरच्या एका हिवाळ्यात ऑर्डर आली. पिवळी साफ करून, रंगवून मेन गेटजवळ चबुतऱ्यावर ठेवायची. नव्या पोरांना कळू दे, आपण कुठून सुरुवात केली. आमचे इंजिनिअरिंग ऑफिसर, स्क्वाड्रन लीडर साहेब, सरळ माणूस. म्हणाले, "धुवा, रंगवा, ठेवा. जास्त डोकं लावू नका."

मी डोकं लावलं. म्हणालो, "सर, इंजिन तसंच ठेवलं तर आतून गंजेल. एकदा चालवू, मग गंजरोधक तेल मारून सील करू. पन्नास वर्षं टिकेल."

कारण खरं होतं, पण ते माझं कारण नव्हतं. न चालवताही आतून तेल मारता आलं असतं. थोडी जास्त खटपट, एवढंच. मला तो आवाज ऐकायचा होता. साहेब म्हणाले, "ठीक आहे. जबाबदारी तुमची."

उत्तम कामाला लागला. जेटचं रोजचं काम संपवून तो पिवळीकडे जायचा. कार्बुरेटर उघडला, नळ्या बदलल्या, उंदरांनी केलेलं घर काढलं. मी म्हणायचो, "अरे, बस कर, चहा घे." तर म्हणायचा, "दादा, तुमाले आवाज ऐकाडस." ऐकवतो म्हणजे ऐकवतो. सुट्टीवर गावी गेला तरी तिथून येताना कुणा मोटार मेकॅनिककडून गॅस्केटचा कागद घेऊन आला.

रनचा, म्हणजे जागेवरच इंजिन चालवून बघायचा दिवस शनिवार. अर्धा डेपो हँगरसमोर गोळा झाला होता. मी कॉकपिटमध्ये, उत्तम खाली डाव्या पंखाच्या टोकाशी, एक एअरमन आगीचा बंब घेऊन उभा. मी रेडिओ उचलला.

"टॉवर, हँगर थ्री. रिक्वेस्ट ग्राउंड रन. पिस्टन ट्रेनर."

"हँगर थ्री, से अगेन. पिस्टन?"

"अफर्म. पिस्टन."

"रन अप्रूव्ह्ड. ऑल द बेस्ट, म्हातारे."

पहिल्यांदा नुसती खोकली. दुसऱ्यांदा निळा धूर. तिसऱ्यांदा पेटली. अहो, काय सांगू! सगळं विमान थरथरत होतं आणि मी एक वॉरंट ऑफिसर, केस पिकलेला, कॉकपिटमध्ये बसून रडत होतो. खाली उत्तमने दोन्ही हात वर केले. इंजिनाच्या आवाजावरही त्याची आरोळी ऐकू आली, "जित्ती शे! दादा, जित्ती शे!"

चालवायचं तेवढं चालवलं. बंद करण्याआधी नियमाप्रमाणे मॅग्नेटो तपासले. मॅग्नेटो म्हणजे इंजिनाची स्वतःची वीज, तिची ठिणगी बॅटरीवर अवलंबून नसते. कॉकपिटातला स्विच ऑफ केला की ती वीज एका तारेतून विमानाच्या अंगात मुरते आणि ठिणगी मरते. ती तार तुटली तर स्विच ऑफ असूनही ठिणगी जिवंत राहते. मी क्षणभर स्विच ऑफ केला, इंजिन मेल्यासारखं झालं, परत ऑन केलं, उठलं. तार शाबूत होती. मग पेट्रोल तोडलं. दोन-चार आचके देऊन पंखा थांबला. स्विच ऑफ केला.

पंखा थांबला तो तिरका. आमच्यात एक रीत आहे. विमान दाखवायला उभं करायचं तर दोन पात्यांचा पंखा आडवा हवा, जमिनीला समांतर. तिरका पंखा म्हणजे परेडला टोपी वाकडी. साहेब कॅमेरा घेऊन आले होते. उत्तम पुढे झाला.

"स्विचेस?" त्याने खालून विचारलं.

"ऑफ," मी म्हणालो.

"ऑफ," त्याने परत म्हटलं. ही पण रीतच. आणि पात्याला हात घातला.

गरम इंजिनात पेट्रोलची वाफ उरलेली असते, त्याच्या पंख्याला हात लावायचा नाही, हे आम्ही दोघेही शिकलो होतो. मी शिकलो तेव्हा आमचे उस्ताद म्हणायचे, पंखा म्हणजे मारका बैल, दाव्याला असला तरी समोर जायचं नाही. पण वर्षानुवर्षं जेटवर काम करून आमची ती भीतीच गेली होती. जेट थांबलं की थांबलं. मी वरून "थांब, निवू दे" म्हणायला हवं होतं. मी कानात अजून तो आवाज घेऊन बसलो होतो. हसत होतो.

इंजिनाने एकच झटका मारला. पंखा अर्धा फेरा फिरला आणि पुन्हा थांबला. एवढंच झालं.

मी खाली उडी मारली. कुणीतरी "ॲम्ब्युलन्स!" ओरडलं. उत्तमच्या डोक्याला लागलं होतं. मी त्याचं डोकं मांडीवर घेतलं. स्टेशन सिक क्वार्टर्सला, डेपोच्या दवाखान्यात, पोचेपर्यंत संपलं होतं. माझ्या ओव्हरॉलवरचं रक्त वाळून कडक झालं तरी मी तो काढला नाही. शेवटी साहेबांनी स्वतः माझी बटणं सोडली.

शवपेटीबरोबर एस्कॉर्ट म्हणून मी गेलो. दुसऱ्या कुणाला जाऊ दिलं नाही. सटाण्याच्या पुढे त्याचं गाव. म्हातारे वडील ओट्यावर बसले होते. त्यांनी विचारलं, "कोन व्हतं तठे?" मी म्हणालो, "मी होतो, बाबा." त्यांनी माझा हात धरला आणि सोडलाच नाही. त्यांनी थोबाडीत मारली असती तर मी उभा राहून खाल्ली असती.

इन्क्वायरी झाली. मॅग्नेटोची तार आवरणाच्या आत तुटलेली निघाली. जुनी तार, इंजिन थांबतानाच्या आचक्यांत गेली असावी, तपासणीच्या वेळी शाबूत होती. कुणाचाही दोष नाही. साहेबांनी मला बोलावून निकाल वाचून दाखवला आणि म्हणाले, "वॉरंट ऑफिसर, तुम्ही नियमाने वागलात."

मी म्हणालो, "सर, इंजिन चालवलंच नसतं तर सिलिंडरमध्ये पेट्रोलचा थेंब नसता. तार तुटलेली असती तरी काय पेटणार होतं?"

त्यांनी फाइल मिटली आणि सहीसाठी माझ्यापुढे सरकवली.

पिवळी चबुतऱ्यावर गेली. सील मीच केली. प्रत्येक सिलिंडरमध्ये तेल मारताना पंखा हाताने फिरवावा लागतो. ठिणगीचे सगळे प्लग काढले, दोनदा बघितलं, तरी पात्याला हात लावण्याआधी तिसऱ्यांदा बघितलं. दुसऱ्या फिटरने करतो म्हटलं, मी त्याला हाकलून दिलं. उद्घाटनाला गेलो नाही, ताप आल्याचं सांगितलं.

वर्षश्राद्धाला सटाण्याकडे गेलो. उत्तमच्या बायकोने, सुमनवहिनींनी, शाळेत जाणाऱ्या दोन्ही मुलींना माझ्या पाया पडायला लावलं. मला धरणी पोटात घेईल तर बरं असं झालं. जेवणं झाली, माणसं पांगली. मी जे वर्षभर घोकलं होतं ते बोलायला सुरुवात केली. "वहिनी, ते इंजिन चालवायची गरज नव्हती. माझा हट्ट होता..."

"माहीत शे," त्या म्हणाल्या. "सुट्टीला आले तव्हा हेच सांगायचे. दादाले आवाज ऐकाडना शे, दादाले आवाज ऐकाडना शे. मी म्हटलं, एवढं काय हाय त्या आवाजात? तर म्हणे, मलाबी ठाऊक नाही, पण दादाचं तोंड पाहायचंय तव्हा." मग त्यांनी विचारलं, "सुरू झालं व्हतं ना ते इमान?"

"झालं होतं."

"त्यांनी तुमचं तोंड पाह्यलं?"

"पाहिलं, वहिनी."

"मंग झालं," त्या म्हणाल्या आणि चहा टाकायला उठल्या.

त्या दिवसापासून माझ्या छातीवरचं ओझं कमी व्हायला हवं होतं. झालं नाही. उलट वाढलं. शिव्या दिल्या असत्या तर फेडल्यासारखं वाटलं असतं.

चबुतऱ्यावरच्या पाटीवर इंजिनाची ताकद लिहिली आहे, विमानाचं वजन लिहिलं आहे. माणसाचं नाव नाही. युद्धात गेला नाही ना तो. दरवर्षी तो गेला त्या तारखेला मी गेटवरच्या पहारेकऱ्याला ओळखपत्र दाखवून आत जातो. मागच्या वेळी ट्रेनिंगला आलेली एक तुकडी तिथे उभी होती, इंजिन फिटर ट्रेडचीच पोरं, जेटवर तयार झालेली. एकाने मला विचारलं, "सर, हे खरंच कधी चालत होतं का? की नुसता सांगाडा आणून ठेवलाय?"

"चालत होतं," मी म्हणालो. "सार्जंट उत्तम अहिरेने चालवून दाखवलंय. म्हण त्याचं नाव."

पोरगं गांगरलं, पण सावधानमध्ये उभं राहून त्याने ते म्हटलं. मग मी सगळ्यांना म्हणायला लावलं.