आमचं बूस्टर खातं

किस्से कुणी मुद्दाम गोळा करत नाही हो. आमच्या यार्डात रिकामे ड्रम यायचे, तसे ते येतात. कुणाचे, कुठून, आधी आत काय होतं, विचारायचं नाही. एक दिवस बघावं तर कंपाउंडला लागून ही थप्पी! माझ्याकडे रबाळ्याच्या त्या कारखान्यातल्या बारा वर्षांची थप्पी आहे. त्यातले रॉकेटचे तेवढे आज काढतो. बायको आतून म्हणतेय, "पुन्हा तेच?" हो, तेच. तिला ऐकायचं नसेल तर नको ऐकू दे, तुम्ही बसा.

आधी धंदा सांगतो, नाहीतर काही कळायचं नाही. तेलाचे, केमिकलचे दोनशे लिटरचे वापरलेले ड्रम आम्ही घ्यायचो. धुवायचे, पोचे काढायचे, गळती तपासायची, रंग मारायचा आणि परत विकायचे. एकेक ड्रम चार-चार वेळा आमच्याकडे माहेरपणाला यायचा. मी सावंत, माल पास करणारा इन्स्पेक्टर. म्हणजे सगळ्यांच्या शिव्या खाणारा.

* * *

जुन्या ड्रमांची ही लाईन बाळाराम म्हात्रे सांभाळायचा. माणूस एवढासा, पण आवाज असा की खाडीपलीकडे जावा. गाव तिथलंच. कारखाना उभा होता ती जमीन त्याच्या बापाची भातशेती. जमीन गेली, बदल्यात नोकरी मिळाली. कुणी नवीन माणूस आला की तो ड्रम धुवायच्या जागेकडे बोट दाखवून सांगायचा, "हितं आमची भातझोडनी चालायची." लाईनवरची बाकीची दहा माणसं त्याच्याच गावातली.

एक्याऐंशी सालची गोष्ट. आमचे वर्क्स मॅनेजर खाडिलकर साहेब पुण्याचे. कँटीनमध्ये इंग्रजी पेपर मोठ्यानं वाचायचा आणि जागच्या जागी मराठी करून सांगायचं, ही त्यांची सवय. एक दिवस म्हणाले, "अरे ऐका, अमेरिकेनं माणसं बसवून यान सोडलं! त्याला बाजूला दोन बूस्टर असतात, ढकलणारी मोठी नळकांडी. ती दोन मिनिटांत जळून पॅराशूटनं समुद्रात पडतात. मग बोटी जाऊन ती ओढून आणतात, आणि परत वापरतात!"

बाळारामनं हातातला पाव खाली ठेवला. "ओडून आनतात?"

"हो."

"धुतात?"

"धुतात."

"गलती तपासतात?"

"तपासत असणारच."

"आनि रंग?"

"मारत असतील की."

बाळारामनं सगळ्या कँटीनवरून एकदा नजर फिरवली. मग खाडिलकरांवरच डाफरला, "मंग इतके दिवस मना कोनी सांगितलां का नाय, मी काय काम करतंय ता?"

दुसऱ्या दिवशी त्याच्या लाईनच्या भिंतीवर पांढऱ्या रंगात हातभर अक्षरं उमटली: "बूस्टर खाते. परवानगीशिवाय आत येऊ नये." आता त्या शेडला तीनच भिंती होत्या. परवानगी कुठल्या बाजूनं मागायची, ते काही लिहिलेलं नव्हतं!

* * *

हे खातं मात्र शेठच्या डोळ्यांत खुपायला लागलं होतं. शेठ कुठल्यातरी प्रदर्शनात जाऊन आले आणि नवीन ड्रम बनवायच्या मशीनचं रंगीत पुस्तक घेऊन आले. दिवसभर ते पुस्तक टेबलावर उघडं. नवीन मशीन बसली की जुन्या ड्रमांची लाईन बंद, आणि नवीन मशीनला शिकलेली पोरं लागणार. म्हणजे बाळाराम आणि त्याची दहा माणसं घरी. घरी म्हणजे तरी कुठे? शेतावर तर आम्हीच बसलो होतो!

खाडिलकर साहेब ही लाईन वाचवायला केबिनमध्ये गेले. पेपरची कात्रणं घेऊन. पाऊण तास समजावलं. शेवटी म्हणाले, "शेठ, एवढी मोठी अमेरिका! तीसुद्धा जुनंच धुऊन वापरतेय. मग आपल्याला कसली लाज?"

शेठनी चष्मा काढून पुसला. "खाडिलकर, अमेरिकेचं सोडा. ते श्रीमंत लोक, जुनं वापरलं तरी त्यांना श्रीमंतच म्हणतात. आपण गरीब. आपल्याला नवीनच वापरायला लागतं!"

खाडिलकर बाहेर आले आणि मला म्हणाले, "सावंत, वाईट याचं वाटतं की, माणूस बरोबर बोलतोय."

* * *

आता तुम्ही म्हणाल, युनियन होती ना? होती की! सेक्रेटरी शिंदे. सातारकडचा गडी, राहायला वाशीला माझ्याच सोसायटीत. पण शिंदे पडला रशियाचा माणूस. घरात लेनिनचा फोटो आणि त्याला हार.

कँटीनमध्ये बूस्टरचा वाद निघाला की शिंदे टेबलावर मूठ आपटायचा. "रशिया दर वेळी नवं रॉकेट बनवतो, नवं! का? कारण तिथं कामगाराला काम पाहिजे. वापरलं, संपलं, उद्या दुसरं बनवा! आन् ही तुमची अमेरिका? एकदा बनवायचं, आन् कामगाराला हाकलून तेच धूत बसायचं. ही भांडवलदाराची चाल हाय!"

बाळारामनं शांतपणे विचारलं, "शिंदेभाव, धुनारा मानूस कामगार नाय काय?"

"हाय की," शिंदे म्हणाला.

"मंग माजी लाईन बंद केली तर?"

"तर संप करू!"

"आनि शेठनी इचारला, नवीन का जुना, तर?"

शिंदे बराच वेळ चहा ढवळत बसला. चहात साखर नव्हतीच, त्याला डायबेटिस. मग म्हणाला, "तत्त्व म्हणून... नवीन."

तर अशी आमची तऱ्हा. मॅनेजर कामगारांच्या बाजूनं, युनियन शेठच्या बाजूनं, आणि अमेरिका-रशियाला आमच्या भांडणाचा पत्ताच नाही!

* * *

पत्ता लागावा म्हणून आम्ही अमेरिकेला पत्र पाठवलं.

झालं असं की, बूस्टर समुद्रात पडतात या गोष्टीनं बाळारामची झोप उडाली. त्याची सासुरवाडी मिठागरवाल्यांकडची. लोखंड आणि खारं पाणी यांचं वैर त्याला पाठ. रोज सकाळी खाडिलकरांना गाठायचा. "साहेब, त्यांना कलवा. खारा पानी सुकायच्या आत गोऱ्या पान्यान धुवा. येकदा सुकला का मंग गंज आतून खातंय, वरून दिसत बी नाय." गोरं पाणी म्हणजे त्यांच्याकडे गोडं पाणी.

शेवटी खाडिलकरांनी वैतागून झकास इंग्रजीत पत्र टाईप केलं. खाली सही बाळारामची, देवनागरीत. हुद्दा: बूस्टर खाते प्रमुख.

आणि काय सांगू, चार महिन्यांनी उत्तर आलं! छापील आभार, आणि एक मोठा रंगीत फोटो. निळ्याशार समुद्रात बोट चाललीय आणि मागे बूस्टर ओढला जातोय. सगळा कारखाना जमला. खाडिलकरांचे डोळे पाणावले. "म्हात्रे, बघ! साक्षात अमेरिकेहून!"

बाळारामनं फोटो जवळ धरला, लांब धरला, उलटा केला, मागची बाजू बघितली.

"साहेब, बूड नाय दाखवला."

"अरे, बुडाचं काय घेऊन बसलास?"

"मालवाला बूड दाखवत नाय, त्याचा माल घेव नये," बाळाराम म्हणाला आणि फोटो माझ्या हातात दिला. "सावंत, होल्डवर ठेवा."

फोटो भिंतीवर लागला. पण माझ्याकडचं 'होल्ड'चं, म्हणजे पासही नाही नापासही नाही असं, पिवळं लेबल चिकटवूनच!

* * *

चौऱ्याऐंशीच्या एप्रिलमध्ये आपला माणूस अंतराळात जाणार होता. आपला! रशियाच्या रॉकेटमधून. शिंदे आठवडाभर जमिनीवर नव्हता. त्यानं वाशीहून स्वतःचा शटरवाला टीव्ही टेम्पोत ड्रमांच्या मधोमध बांधून आणला आणि कँटीनमध्ये लावला.

नेमके उड्डाणाच्याच दिवशी कामत साहेब आले. आमच्या सगळ्यात मोठ्या गिऱ्हाइकाचे अधिकारी. वर्षाची ऑर्डर त्यांच्या सहीवर. शेठनी सकाळीच सांगून टाकलं होतं, "कामत जुन्या ड्रमांवर सही करतील तर लाईन चालू. नाहीतर पंधरा तारखेपासून बंद. मग मला कुणी अमेरिका सांगायची नाही!"

दुपारभर बाळाराम कामतांच्या मागे मागे. "साहेब, जुना ड्रम नव्यापरीस बरा. नव्यान काय बगितलंय? ह्यान मार खाल्लाय, याला अनुभव हाय." कामत आपले पुढे पुढे. ऑर्डरचा कागद हातात, पेन खिशात.

संध्याकाळी साडेसहाला सगळे कँटीनमध्ये. शेठसुद्धा खुर्ची टाकून बसले. पत्र्यावर एक जण अँटेना धरून उभा, आणि खालून आमचा कोरस: "आला! आला! गेला! हलू नको रे, हात तसाच ठेव!"

चित्र एकदाचं स्थिर झालं. रॉकेट उभं. आणि मागून बाळारामचा आवाज आला. हात जोडलेले.

"साहेब, यो रॉकेट कोरा हाय ना?"

"कोरा करकरीत," खाडिलकर म्हणाले. "रशियाचा आहे."

"आदी कोनी वापरलेला नाय ना?"

"नाही रे बाबा."

"मंग बरा. आपला मानूस बसलाय त्यात."

रॉकेट उठलं. काय टाळ्या, काय शिट्ट्या! खाडिलकरांनी चक्क शिंदेला मिठी मारली. बाळाराम तर लहान मुलासारखा रडत होता. मीही रडलो, खोटं कशाला बोलू.

मग कामत वळले. दिवसभरात पहिल्यांदा हसले. "काय म्हात्रे? माणूस बसवायचा म्हटल्यावर कोरं पाहिजे, होय? आणि आमच्या मालाला जुनं चालेल!"

सगळे हसले. मग हसू विरलं, कारण कामत हातातल्या कागदाची घडी घालत होते. शेठनी खाडिलकरांकडे बघितलं. खाडिलकरांकडे तीन वर्षांची कात्रणं होती, पण यावर त्यातलं एकही चालणारं नव्हतं. अकरा घरं, आणि घालवली कुणी? ज्याची लाईन त्यानंच!

* * *

बाळारामनं डोळे पुसले. "साहेब, जरा यार्डात चला. आनि तो कागद मना द्या."

कामतांनी काय मनात आणलं कोण जाणे, दिला. मागोमाग आम्ही सगळे. तयार मालाची रांग उभी होती. मोठ्या तोंडाचे ड्रम, वर झाकण आणि झाकणाला आवळायचं कडं.

"बोट ठेवा, साहेब. कंचा पन."

कामतांनी मधल्या एकावर बोट ठेवलं. बाळारामनं झाकण काढलं, कागद शर्टाच्या खिशात घातला, चपला काढल्या, ड्रमला हात लावून नमस्कार केला आणि गुडघे पोटाशी घेऊन आत बसला!

"झाकन लावा. कडा आवला. टाका हौदात."

"म्हात्रे, डोकं फिरलं का तुझं?" खाडिलकर ओरडले.

"साहेब, तुमी आकडे मोजा. दहापासून."

गळती तपासायचा आमचा हौद होता. ड्रम पूर्ण बुडवायचा, वरून दांड्यानं दाबून धरायचा, आणि कुठे बुडबुडा येतो का ते बघायचं. आला की ड्रम नापास. बघायचं काम माझं. त्याच्या माणसांनी कुणाला न विचारता कडं आवळलं, ड्रम हौदात सोडला आणि चौघं दांड्यावर आडवे पडले. ड्रम पाण्याखाली गेला.

"दहा... नऊ..." खाडिलकर मोजायला लागले. सातला शिंदे सामील झाला. पाचला शेठ! मी पाण्याकडे बघत होतो. इतकी वर्षं त्या हौदात बघितलं, पण त्या दिवसासारखं कधी बघितलं नाही. एक बुडबुडा नाही. "तीन... दोन... एक..."

ओढून काढला. कडं सोडलं. बाळारामनं डोकं वर काढलं. केस सुके. एकदा शिंकला. खिशातून कागद काढून कामतांच्या समोर धरला. कागदही सुका खडखडीत.

कामतांचा चेहरा पांढराफटक. त्यांनी तिथल्या तिथे, शेजारच्या ड्रमवर कागद ठेवून सही केली. "झालं, म्हात्रे, झालं! सही केली मी! आता बाहेर या हो!"

बाळाराम उठेचना. त्यानं हात लांब करून झाकण स्वतःच डोक्यावर ओढून घेतलं आणि आतून आवाज आला:

"येकदा तर रशियाचा पन टिकतंय, साहेब! परत टाका, मंग कलंल!"