शालूच्या खांद्यावरचा हात

पुढच्या महिन्यात मला साठ पूर्ण होतील. त्याआधी उरकायच्या बारा कामांची यादी मी फ्रिजवर लावली आहे, हे इथे माझं लिखाण वाचणाऱ्या बहुतेकांना माहीत आहे. आज सकाळी पाचवं काम घेतलं: शालूच्या फोटोतला हात काढून घेणे.

शालू माझी धाकटी बहीण. ती गेली तेव्हा तिचा एकटीचा फोटो सापडेना. शेवटी माझ्या मुलीच्या लग्नातल्या, भाट्याच्या हॉलवरच्या फोटोतून तिला कापून घेतलं. तिच्या खांद्यावर माझा हात तेवढा राहिला. हा हात कोणाचा, असं येणारा प्रत्येक जण विचारतो. माझाच, मायेने ठेवलेला, असं मी आठ वर्षं सांगते आहे.

स्टुडिओवाल्याने कॉम्प्युटरवर पाच मिनिटांत हात पुसला. मग तोच म्हणाला, "बाई, ह्या आता पडतायत असं वाटतंय ओ."

खरंच, शालू पूर्ण कलली होती. तेव्हा आठवलं. ती म्हणाली होती, "ताई, धर गं मला, गरगरतंय." मी म्हटलं होतं, "फोटो होईपर्यंत नीट उभी राहा." धरलं ते फोटोपुरतं. लग्नाच्या गडबडीत नंतर विचारलंही नाही. चार महिन्यांत ती गेली.

"हात परत लावा," मी त्याला सांगितलं.

फोटो पुन्हा भिंतीवर आहे. आता कोणी हाताबद्दल विचारलं, तर काय सांगू?