जिना भावाकडे, स्थानक आकाशात

अंतराळातलं आंतरराष्ट्रीय सहकार्य हा माझा आवडता विषय असून, सख्ख्या मोठ्या भावाशी माझं उन्हाळ्यापासून बोलणं बंद होतं.

कारण क्षुल्लक. अकोल्यातल्या आमच्या घराची वाटणी झाली तेव्हा पाण्याची टाकी माझ्याकडे आली आणि गच्चीचा जिना भाऊकडे गेला. एकदा माझी मोटार चालू राहिली, टाकी वाहिली आणि वहिनीनं गच्चीवर वाळत घातलेल्या कुरडयांची खीर झाली. झालं! मी पडलो विज्ञानाचा मास्तर, मी कशाला माघार घेतो?

त्यातच तेल्हाऱ्याहून सासरे आले. कपाशीवाला माणूस, जावयाच्या बोलण्यावर भरवसा कमीच. मी छाती काढून म्हणालो, "मामाजी, आज दिवेलागणीला अंतराळ स्थानक डोक्यावरून जाते. अमेरिका, रशिया, जपानचे लोकं तथी एकत्र राह्यतात. आता तर आपलाही माणूस राहून आला!"

"एकत्र? अन् भांडत नाईत?"

"अजिबात नाई! एकाच्या भागातून दुसऱ्याच्या भागात दार उघडंच असते."

"दाखवा बाप्पा! दिसलं तर मानलं तुमाले."

आता आली पंचाईत. अंगणातून दिसत होता फक्त शेजाऱ्यांचा कडुनिंब.

"भाऊजीले जिना मागा न," बायको म्हणाली.

"मी? त्याले? जीव गेला तरी नाई!"

मी शिडी लावली.

शिडी कठड्याला थोडी कमी पडली, पण सासरे सरसर चढले आणि वरून आलेला एक हात धरून दिसेनासे झाले. (तो हात कोणाचा, हा विचार मला तेव्हाच सुचायला हवा होता.) मागून मी निघालो. कठडा पकडला आणि पायाखालची शिडी धाडकन खाली! पायाच्या बोटांना खिडकीचा छज्जा लागला म्हणून वाचलो. पण वर जाता येईना आणि खाली उतरता येईना.

मान वर केली. कठड्यावरून वाकून बघत होते भाऊ, वहिनी, सासरे आणि चक्क माझी बायको! ही जिन्यानं आली होती. (नंतर कळलं, रोजच जाते. जावाजावांचं बोलणं कधी बंदच नव्हतं!)

"भाऊ, ओढ मले!" उन्हाळ्यानंतर त्याच्याशी बोललेले माझे पहिले शब्द.

इतक्यात वहिनी ओरडली, "आलं, आलं! तिकडून आलं!" आणि सगळे पलीकडच्या कठड्याकडे पळाले.

"अरे, ओढा न!"

"थांब बे दोन मिनिटं!" भाऊचा आवाज आला. "ते काय रोज येते काय?"

(बरेचदा येतं. पण वाद घालायची ती जागा नव्हती.)

अमेरिका, रशिया, जपान गुण्यागोविंदानं निघून गेले आणि मला दिसला नाकासमोरच्या भिंतीवरचा गेल्या दिवाळीचा चुना. खरं सांगतो, रडू यायचंच बाकी होतं.

मग भाऊनं एक हात धरला, सासऱ्यांनी दुसरा, आणि वहिनीनं कॉलर. भिंतीला तोंड घासत वर आलो तेव्हा आकाश रिकामं होतं. भाऊनं माझे कपडे झटकले. "लागलं काय रे?" म्हणाला, आणि मला एकदम भरून आलं.

ते लपवायला मी सासऱ्यांकडे वळलो. "मामाजी, दिसलं न?"

"दिसलं, जवाईबापू. तुमी सांगतलं ते सोळा आणे खरं. वरतं सारे मिळूनमिसळून होते. लटकलेले तुमी एकटेच!"

मला सडेतोड उत्तर सुचलं होतं. पण तोंडात चुना होता.