मास्तरांची पोटरी

शाळेत कवायत शिकवण्यात ज्यांचा जन्म गेला, त्या मास्तरांना निवृत्तीनंतरही सगळे मास्तरच म्हणत. ताठ पाठ, खणखणीत आवाज. सिगारेट तेवढी कधी सुटली नाही. तीही ओढायची ती मैदानामागच्या भिंतीआड, चोरून.

अशा माणसाची पोटरी चालता चालता धरू लागली. घरातून निघून बाजाराचं वळण आलं की डाव्या पोटरीत गोळा यायचा, जणू कुणी आतून पिळतंय. थांबलं की ओसरायचा, चाललं की पुन्हा हजर. वयाने होतं, अशी त्यांनी स्वतःची समजूत घातली. पण लोकांना काय सांगायचं? भर रस्त्यात पोटरी चोळत बसायचं, तेही मास्तरांनी? त्यापेक्षा एखाद्या दुकानासमोर थांबावं, काचेतलं काहीतरी न्याहाळतोय असं दाखवावं, आणि कळ जिरली की पुढे व्हावं.

कळ नेमकी यायची ती शिवणवाल्या ताईंच्या दुकानापाशी. ताई विधवा, एकट्याच दुकान चालवायच्या. काचेत बायकांचे कपडे टांगलेले, मागे मशीनवर त्या. आणि बाहेर मास्तर, जाताना एकदा नि येताना एकदा.

लोकांना एवढं पुरतं. आधी कोपऱ्यावरच्या न्हाव्याने डोळा मारला. मग सकाळी बागेत जमणारे मित्र खाकरू लागले. काय मास्तर, कपडे शिवायला टाकलेत वाटतं? तेव्हाच सांगून टाकायचं होतं, की बाबांनो, माझा पाय चालत नाही. शब्द ओठांवर आलेही. पण ते नुसते हसले. लंगडा म्हणवून घेण्यापेक्षा रंगेल म्हणवून घेतलेलं बरं, असं त्या क्षणी त्यांना वाटलं, आणि आत कुठेतरी गुदगुल्याही झाल्या.

काही दिवसांनी ताईंनी काचेला आतून जाड पडदा लावला. मास्तरांना त्याचं कारण कळलं, आणि तरी ते त्या पडद्यासमोरही उभे राहत गेले, कारण पाय पुढे जाईना. घरी बायकोचं बोलणं आटलं. ताट वाढायची आणि आत निघून जायची. ती फोनवर बहिणीपाशी रडत होती, ते मास्तरांना भिंतीपलीकडून ऐकू आलं. त्यांनी वर्तमानपत्र डोळ्यांसमोर धरलं.

मग बूट चावला. पायाच्या करंगळीला एवढीशी जखम, पण ती भरेना. मास्तर मोजा चढवून झाकत राहिले आणि करंगळी काळी पडत गेली. धुवायला टाकलेल्या मोज्याचा वास आला तसं बायकोने त्यांना खुर्चीत बसवलं, स्वतः खाली बसली आणि पायातला मोजा ओढून काढला.

"हे कधीपासून?"

मास्तरांनी सगळं सांगितलं. पोटरीचं, थांबण्याचं, मित्रांच्या थट्टेचं. मान वर होत नव्हती.

"म्हणजे पाय दुखतो म्हणून तिथे उभे राहायचात," ती म्हणाली, "आणि मी इतके महिने..." तिने हातातला मोजा बाजूला टाकला. "अहो, मला तरी सांगायचंत."

दवाखान्यातल्या डॉक्टरीणबाईंनी पावलावर बोटं ठेवून नाडी शोधली, लागेना. मांडीतली रक्तवाहिनी बंद झाली होती, बरीचशी सिगारेटच्या कृपेने. त्यांनी समजावलं, की पाय उभा चिरायची गरज नाही. जांघेत सुईएवढं भोक पाडून बारीक तार आत सरकवायची, तिच्यावरून फुगा न्यायचा, तो फुगवून वाट मोकळी करायची आणि ती पुन्हा मिटू नये म्हणून आत जाळी बसवायची. भूल तेवढ्या जागेपुरती. मात्र उशीर झालाय. पाय वाचेल, करंगळी जाईल.

टेबलावर पडल्या पडल्या मास्तरांना पडद्यावर स्वतःची रक्तवाहिनी दिसली. मांडीतून उतरणारी काळी ठळक रेघ गुडघ्याच्या वर एकदम तुटली होती. फुगा फुगला तशी कळ उठली. त्यांनी दात आवळले.

"दुखलं की सांगत जा," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "लपवलंत तर आम्हाला कळणार कसं?"

त्या कामापुरतंच बोलल्या होत्या, पण मास्तरांचे डोळे भरून आले. थोड्या वेळाने रेघ थेट खाली धावत गेली आणि कित्येक दिवस गार पडलेलं पाऊल कोमट होऊ लागलं.

करंगळी गेली, सिगारेट गेली, चालणं परत आलं. ताईंकडे चल म्हटल्यावर बायकोने साफ नकार दिला. तुमचं तुम्ही निस्तरा, म्हणाली. मास्तर पहिल्यांदाच त्या दुकानाची पायरी चढले आणि उभ्या उभ्या सगळं बोलून गेले.

ताईंनी मशीन थांबवलं नाही. "माझ्या लेकीच्या सासरी पोचलं हे सगळं," त्या म्हणाल्या. "तिला माहेरी पाठवत नाहीत. पाय दुखतो म्हणाला असतात, तर बसायला स्टूल दिलं असतं."

"चुकलो मी."

"मला सांगून काय उपयोग, मास्तर? जे हसत होते त्यांना सांगा."

दुसऱ्या दिवशी बागेत त्यांनी तेच केलं. आता सारवासारव कशाला, असं कुणीतरी म्हणालं, तेव्हा त्यांनी मोजा काढून पाय बाकावर ठेवला. हसू बंद झालं. मग सगळ्यांत अवघड वाक्य आलं. "तुम्ही चिडवत होतात आणि मला ते आवडत होतं. त्या बाईचं काय होईल, हे मनात आलं होतं. तरी गप्प बसलो."

ताईंच्या लेकीच्या सासरीही ते जाऊन आले. जावयाने दारातच उभं ठेवून ऐकून घेतलं, आत बोलावलं नाही. पण महिनाभरात लेक येऊन गेली.

आता मास्तर बायकोबरोबर बाजारात जातात. ती ताईंपाशी दोन शब्द बोलायला थांबते. ताई मास्तरांशी बोलत नाहीत. ते खाली बघत पुढे चालत राहतात आणि भाजीवाल्यापाशी तिची वाट पाहतात.